वाचकांचे प्रश्न : नाचानेच पुढे सरकणारी मालिका

प्रश्न : मी पंधरा वर्षे कथक शिकले आणि आता लहान मुलींना शिकवते. माझ्या अकरावीतल्या मुलाने मला ‘द एलएक्सडी’ ही इंटरनेटवरची जुनी अमेरिकन नृत्यमालिका दाखवली. त्या मुलांचा शरीरावरचा ताबा पाहून मी थक्क झाले. पण कथा निवेदक सांगतो आणि मुले नुसती नाचतात, असे मला वाटत राहिले. अशा मालिकेला नाट्य म्हणता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि ती कथकच्या अंगाने आली असल्यामुळे तिचे उत्तरही तिथूनच शोधावे असे मला वाटते.

आधी मालिकेविषयी थोडे. ‘द लीजन ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी डान्सर्स’ हे तिचे पूर्ण नाव. जुलै २०१० मध्ये ती हुलू या संकेतस्थळावर सुरू झाली. तिचे कर्ते जॉन एम. चू. त्यांनी त्याआधी ‘स्टेप अप २’ हा चित्रपट दिग्दर्शित केला होता आणि पुढे २०२४ मध्ये ‘विकेड’ही त्यांनीच केला. नृत्यरचना हॅरी शम ज्युनियर आणि क्रिस्टोफर स्कॉट यांची. साध्यासुध्या माणसांना नाचताना आपल्या अंगी असामान्य शक्ती असल्याचा शोध लागतो आणि ती माणसे सुष्ट व दुष्ट अशा दोन गटांच्या लढाईत ओढली जातात, एवढेच तिचे कथासूत्र आहे. भाग छोटे असून अनेक भाग दहा मिनिटांच्या आतबाहेर संपतात.

मालिका सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारी २०१० मध्ये, हे नर्तक टेड या व्याख्यानांच्या परिषदेत नाचले. तिथे चू यांनी मांडलेला मुद्दा मला आजही महत्त्वाचा वाटतो. डेट्रॉइटमधल्या एखाद्याने टाकलेली चित्रफीत जपानमधली मुले पाहतात, काही दिवसांतच तिच्यात भर घालून स्वतःची चित्रफीत टाकतात आणि मग कॅलिफोर्नियातली मुले ती उचलतात. म्हणजे या नर्तकांची तालीम आधीच इंटरनेटवर चालू होती. मालिका तिथे नंतर आली. आपला मुलगा फोनसमोर उभा राहून शिकत असेल, तर तो याच तालमीतला आहे.

आता नाट्याचा प्रश्न. नृत्त म्हणजे अर्थ न सांगणारी शुद्ध हालचाल, नृत्य म्हणजे भाव सांगणारा नाच आणि नाट्य म्हणजे अभिनयातून उभी राहणारी कथा, हा भेद आपण रोज शिकवत असाल. गतभावात, म्हणजे कथकमधल्या कथा सांगणाऱ्या भागात, एकच नर्तकी पलटा घेते आणि डोळ्यांदेखत राधेची कृष्ण होते. घुंगट, मटकी, बासरी हे सारे तिच्या हातांतच असते. तिथे कथा शरीराबाहेर कुठेही नसते. या मापाने पाहिले तर ‘एलएक्सडी’चे बरेच भाग उणे ठरतात, हे मान्य करायला हवे. निवेदक फार बोलतो, आणि पुढे पुढे गटांचा, शक्तींचा इतिहास इतका वाढतो की नाचणाऱ्याला त्याच्या ओझ्याखाली जागाच उरत नाही.

तरीही मी या मालिकेची बाजू घेईन, आणि त्याचे कारण पॉपिंग या नृत्यशैलीत आहे. मॅड चॅड या नर्तकाचे काम पुन्हा एकदा, आवाज बंद करून पाहावे. पॉपिंगमध्ये ठेक्यावर स्नायू क्षणभर आवळून लगेच सोडतात; या झटक्याला ते लोक ‘हिट’ म्हणतात. चॅड नुसता हात उचलतो तेव्हा आधी खांदा थांबतो, मग कोपर, मग मनगट, आणि प्रत्येक थांब्याला मान अगदी सुतभर कलते. पाहताना असे वाटते की या देहाला हालचाल करण्यासाठी प्रत्येक सांध्याची परवानगी घ्यावी लागते आहे. यंत्र झालेल्या माणसाचे एकटेपण सांगायला याहून वेगळा अभिनय लागत नाही. आपल्या परिभाषेत हे नृत्त आहे, कारण हस्तमुद्रेला इथे ठरलेला अर्थ नाही. पण ज्या क्षणी त्या थांब्यांमधून पात्राची अवस्था कळते, त्या क्षणी ते नृत्त राहत नाही. म्हणून मालिकेला सरसकट नाट्य म्हणण्यापेक्षा, तिच्या काही भागांत नाट्य घडते असे मी म्हणेन. तपासणी सोपी आहे : नाच काढून टाकला तर कथा तशीच कळते का? कळत असेल, तर तो नाच निव्वळ सजावट होता.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. या नाचांना परंपरा नाही, असे मुलाला सांगू नये. पॉपिंगचे नाव घेतले की फ्रेस्नो शहरातल्या बूगालू सॅम यांचे नाव निघते, लॉकिंग या दुसऱ्या शैलीचे घेतले की लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेल यांचे. दोन्हींचा काळ १९७० चे दशक. आपण घराण्याचे नाव ज्या आदराने घेतो, त्याच आदराने ती मुले ही नावे घेतात.

प्रश्न : आमचा सात जणांचा ग्रुप आहे. फोनवर चित्रीकरण करून पाच भागांची नृत्यमालिका करायची आहे. नाच आम्हाला येतो, पण चित्रित केल्यावर तो मेल्यासारखा दिसतो. काय चुकत असेल?
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर : वसई-नालासोपाऱ्याच्या मुलांना नाच येतो की नाही, हे मला कुणी पटवून द्यायला नको, ‘किंग्ज’ या तिथल्याच गटाने २०१९ मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ स्पर्धा जिंकली आहे. दोष बहुधा कॅमेऱ्याचा आणि कात्रीचा, म्हणजे संकलनाचा, असावा.

जुन्या हॉलीवूडमधले नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर आपले पूर्ण शरीर चौकटीत असावे आणि नाच होता होईतो अखंड घ्यावा, असा आग्रह धरत. तो आग्रह तुम्हीही धरा. पाय कापले गेले की वजन कुठे पडते ते दिसत नाही, आणि वजन दिसले नाही की नाच खोटा वाटतो. हिटवर कधीही कात्री लावू नका, कारण तिथे दृश्य बदलले तर झटका नर्तकाने दिला की संकलकाने, हे प्रेक्षकाला कळत नाही. चेहरा जवळून दाखवायचाच असेल, तर नाच थांबल्यावर दाखवा.

लिहिताना प्रत्येक नाचापुढे एकच वाक्य लिहा : हा नाच संपल्यावर कोणाचे काय बदलले? वाक्य सुचत नसेल, तर तो नाच त्या भागात नको. दुसऱ्याचे गाणे परवानगीशिवाय वापरू नका. तुमच्यातच कुणी ठेका बांधणारा असेल, तर त्याच्याकडून नवे संगीत करून घ्या.

अवघड उड्या अंग तापल्यावर, पण दमण्याआधी घ्या. मी सभागृहात चित्रीकरण करताना अशा उड्या दुपारपर्यंत राखून ठेवल्या होत्या; सहाव्या खेपेला एका मुलाचा घोटा मुरगळला आणि तो महिनाभर घरी बसला. फरशीवर पाणी, धूळ, सांधे आधी पाहून घ्या. शेवटचे म्हणजे दिव्यांचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे साध्या ट्यूबलाइटखाली फोनने आपोआप निवडलेल्या शटरच्या वेगावर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. शटरचा वेग हाताने १/१०० सेकंदावर ठेवा. पट्टे जातील आणि तुमचा हिटही पुसट न होता धारदार दिसेल.