१ मेच्या झेंडावंदनाला उन्हात शोभेल असं साधं काय घालावं?

सकाळच्या झेंडावंदनानंतर लगेच ऊन चढतं, त्यामुळे कडक पैठणी किंवा सिल्कचा कुर्ता बाजूलाच ठेवा. मोतिया रंगाचा मलमलचा किंवा पातळ खादीचा कुर्ता घ्या. रंग फक्त एका ठिकाणी: खणाचा खिसा, नाहीतर साध्या सुती साडीवर खणाचा ब्लाउज. दोन्ही एकदम नको, मग ते हळदीकुंकू वाटतं.

शिवायच्या आधी खादी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि बाह्या आखूड होतात. खणाचा रंग बहुतेकदा जातो. ओला पांढरा रुमाल घासून बघा. डाग उतरला तर पांढऱ्या कापडाला जोडण्याआधी दोन-तीनदा वेगळा धुवा. खणाच्या ब्लाउजला सुती अस्तर हवंच. मलमलमधून पांढरी बनियन उठून दिसते. त्वचेच्या रंगाची घाला. खळ पातळच द्या, जाड खळीने सूत गुदमरतं.

तिरंगी ओढणी-टिकल्यांचा सेट टाळलेलाच बरा. झेंडा छापलेलं कापड तर राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणाऱ्या १९७१च्या कायद्यानेच चालत नाही. पायात कोल्हापुरी, पण नवी असेल तर आठवडाभर आधी घरात वापरा.