पेटीतले पन्नास रुपये

प्रिय बाळ,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या रविवारच्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलानं त्सेदाकाच्या, म्हणजे दानाच्या, पेटीतून पन्नास रुपये काढले. तू सगळ्यांसमोर विचारलंस तेव्हा "मी नाही" म्हणाला आणि वर आईची शपथ घेतली. आता येत्या रविवारी दहा आज्ञांपैकी कुठली आज्ञा त्याच्यासाठी घ्यावी, असं तू विचारतेस.

एकही घेऊ नकोस. निदान या रविवारी तरी नको.

आपल्या तोरातल्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या, उत्पत्तीचा तिसरा अध्याय उघड. आदामानं फळ खाल्लंय आणि तो झाडांआड लपलाय. देव त्याला हाक मारतो, "अय्येका?" म्हणजे, कुठे आहेस तू? देवाला ते माहीत नव्हतं का? फ्रान्समधल्या त्रुआचे राशी (1040 ते 1105) यांचं भाष्य तुला मी याच ओळीपासून वाचायला लावलं होतं. ते म्हणतात, आदाम कुठे आहे हे देवाला ठाऊक होतंच. पण त्याच्याशी बोलणं सुरू व्हावं, एकदम शिक्षा समोर पाहून त्याची जीभ टाळ्याला चिकटू नये, म्हणून असं विचारलं. मुलांशी बोलताना ही एक ओळ मी आयुष्यभर जवळ ठेवली. तू विचारलंस तेव्हा त्या पोराभोवती सगळ्या वर्गाचे डोळे होते. त्याला खरं बोलायला जागाच नव्हती. अशा वेळी नऊ वर्षांचं मूल "मी नाही" म्हणतं, आणि एकदा म्हटलं की ते धरून ठेवायला शपथही घेतं. चोरी त्यानं केली हे खरं, पण त्या दुसऱ्या खोट्याला आपलाही थोडा हात लागला.

रागावू नकोस. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून लिहिते आहे.

आपल्या शहाण्या लोकांना घरातला धाक किती महाग पडतो ते कळलं होतं. तालमुदात, म्हणजे आपल्या रब्बींच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, गित्तीन नावाच्या भागात स्पष्ट सांगितलंय की माणसानं आपल्या घरावर फाजील दहशत ठेवू नये. उदाहरण म्हणून कुणा गावगुंडाचं नाव घेतलेलं नाही, रब्बी हनिना बेन गमलिएल यांचं घेतलंय. त्यांच्या घरच्यांना त्यांचा इतका धाक होता की त्यापायी तोरानं अगदी निषिद्ध ठरवलेलं मांस त्यांच्या ताटात येता येता राहिलं. एवढा विद्वान माणूस, आणि घरात त्याला खरं सांगायची कुणाची छाती नाही! तुझ्या वर्गात शिस्त आहे, ती राहू दे. पण एखाद्या मुलाला "बाई, माझ्याकडून चुकलं" म्हणायचं असेल तर त्यासाठी दार कुठे आहे, ते एकदा तपासून बघ.

आता मूळ गोष्टीकडे येते. मुलांच्या खोटेपणाबद्दल आपल्या ग्रंथांत जे सांगितलंय ते बहुतेक मोठ्यांनाच सांगितलेलं आहे. तालमुदाच्या सुक्का या भागात रब्बी झेरा म्हणतात, तुला अमुक देईन असं मुलाला सांगून मग न देणं असं कधी करू नये, कारण त्यातून मूल खोटं शिकतं. पाठोपाठ यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातलं वचन येतं: त्यांनी आपल्या जिभेला खोटं बोलायला शिकवलं. शब्द बघ, शिकवलं. जीभ खोटं बोलायला शिकते, जशी ती "शेमा" ही रोजची प्रार्थना म्हणायला शिकते. घरातच शिकते, रोज ऐकून ऐकून.

तुला एक गोष्ट सांगते. तुझ्या आईनं ती सांगितली नसेल, तिचा स्वभाव तसा नाही. माझ्या पहिल्या वर्गात आठ मुलं होती, त्यात ती होती. मी त्यांना कबूल केलं होतं की अलेफ-बेथ, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, पाठ झालं की सगळ्यांना अलिबागजवळच्या खंडाळ्याला नेईन. खडकावरच्या एलियाहू हानाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, रथाच्या खुणा दाखवीन आणि तिथेच मलिदा, आपला नवसाचा नैवेद्य, करू. मुलांनी महिन्याभरात सगळी बावीस अक्षरं पाठ केली. मग पाऊस लागला. पाऊस गेला तर घरात आजारपण आलं. "पुढच्या महिन्यात" असं मी तीन-चारदा म्हटलं असेन, नंतर तेही म्हणेनाशी झाले. वर्षभरानंतर एकदा मी व्हरांड्यात उभी असताना आत एक मुलगा दुसऱ्याला विचारत होता, "माझी पेन्सिल कधी देणार?" दुसरा म्हणाला, "खंडाळ्याला." दोघांपैकी कुणीही हसलं नाही. त्या मुलांच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ "कधीच नाही" असा झाला होता. एलियाहूची जागा ती, आपली आजी-पणजी नवस बोलायची ती, आणि माझ्यामुळे तिचा असा अर्थ झाला. मी त्या आठवड्यात मुलांना तोरातल्या लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातला खऱ्या मापांचा पाठ देणार होते. दिला नाही. आधी त्यांच्यापुढे उभं राहून चूक कबूल केली.

तो पाठ पुढे दिला, आणि तो मात्र तू जरूर दे, कारण आपल्या मुलांना तो हाताला लागतो. आपल्या बेने इस्रायली पूर्वजांना कोकणात "शनिवार तेली" म्हणत. घाणा चालवायचा, तेल विकायचं आणि शनिवारी घाण्याचा बैल सोडून द्यायचा. हे मुलांना ठाऊक असतं, शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळल्याचा अभिमान म्हणून आपण ते सांगतोच. पण रविवार ते शुक्रवार काय करायचं? त्याचा नियम मिश्नात, म्हणजे तालमुदाच्या पायाच्या ग्रंथात आहे, बावा बात्रा या भागात. दुकानदारानं आपली मापं आठवड्यातून दोनदा स्वच्छ करावीत, वजनं आठवड्यातून एकदा पुसावीत आणि तराजूचं पारडं तर प्रत्येक तोलानंतर पुसावं. का? तेल मापाला चिकटतं. चिकटलेलं तेल गिऱ्हाइकाचं असतं, विकणाऱ्याला न कळत ते त्याच्याकडे राहतं, आणि दर वेळी माप थोडं थोडं लहान होत जातं. इथे कुणी चोर नाही. फक्त माप पुसायचं राहिलंय.

हे शब्दांनी समजावू नकोस. वर्गात पावशेराचं एखादं जुनं माप आण, खोबरेल आण, दोन बाटल्या आण. मुलांना ओतू दे, माप उपडं करून किती वेळ थेंब गळतात ते मोजू दे. हात तेलकट होतील, वह्या खराब होतील, होऊ देत. मग लेवीयातले शब्द हिब्रूत म्हणून घे: "मोझ्ने त्सेदेक, अव्ने त्सेदेक". खरे तराजू, खरी वजनं. त्यातला "त्सेदेक" आणि पेटीवर लिहिलेला "त्सेदाका" एकाच धातूचे आहेत, हे कुणीतरी मूल स्वतःच ओळखेल. न ओळखलं तर पुढच्या रविवारी ओळखेल. आपण घाई करू नये. त्याच अध्यायात द्रवाच्या "हिन" नावाच्या मापाचाही उल्लेख आहे, आणि "हेन" म्हणजे "हो". शहाण्यांनी त्या दोन शब्दांच्या सारखेपणातून म्हटलं की तुझा "हो" खरा असू दे आणि तुझा "नाही"ही खरा असू दे. तेलाच्या मापावरून थेट जिभेवर आलो की नाही?

तू विचारलेला दुसरा प्रश्न अवघड आहे. मुलं म्हणतात, मोठी माणसंही खोटं बोलतात, आजीच्या फिक्या खिरीला छान म्हणतात. मग आम्हीच का नाही?

इथे मुलांना फसवू नकोस. शांततेसाठी शब्द बदलायला आपल्या परंपरेत मुभा आहे, हे खरंच आहे. अब्राहामाची बायको सारा म्हातारपणी मूल होणार हे ऐकून हसली तेव्हा नवरा म्हातारा झाल्याचं म्हणाली होती. देवानं अब्राहामाला ते सांगताना तिचं स्वतःचं म्हातारपण तेवढं सांगितलं. त्यावरूनच यवामोथ या भागात ही मुभा काढलेली आहे. पण त्याच भागात थोडी पानं आधी रव नावाच्या रब्बींच्या घरातली एक हकिकत आहे, ती माझ्या फार आवडीची. रव यांची बायको त्यांच्याशी नेहमी उलट वागे. मसूर मागितले तर वाटाणे शिजवी, वाटाणे मागितले तर मसूर. मुलगा हिय्या मोठा झाला आणि वडिलांचा निरोप आईला उलटा करून सांगू लागला. वडिलांना हवं ते ताटात येऊ लागलं. रव म्हणाले, तुझी आई सुधारली. हिय्यानं खरं काय ते सांगितलं. तेव्हा रव यांनी त्याच्या हुशारीचं कौतुक केलं आणि सांगितलं, पण तू असं करू नकोस. आधार दिला तो यिर्मयाच्या त्याच वचनाचा.

विचार कर. घरात शांतता आली होती. कुणाचं नुकसान नव्हतं. रवांना मनासारखं जेवण मिळत होतं. तरी बापानं स्वतःची सोय सोडली, कारण मुलाची जीभ त्या वळणाला जाऊ नये. मला वाटतं, ती मुभा अशा माणसासाठी आहे ज्याची जीभ खऱ्यात मुरलेली आहे आणि जो दुसऱ्याचं मन राखायला एखादा शब्द बदलतो. मूल अजून जीभ घडवतंय. मुलांना हे असंच सांग, त्यांना कळतं. आणि खिरीबद्दल विचारलं तर म्हणावं, "आजी, तू माझ्यासाठी केलीस." तेवढं खरं असतंच.

आपल्यालाही थोडं सांभाळावं लागेल. शमुएल या रब्बींनी कुणाचीही समजूत फसवू नये असं सांगितलंय, आणि तिथेच म्हटलंय की समोरचा जेवणार नाही हे ठाऊक असताना त्याला जेवायचा आग्रह करू नये. आपल्याकडे दारातून निघालेल्या माणसाला "जेवूनच जा" म्हणायची रीत आहे. मुलं ते ऐकतात, आणि आत भात टाकलेला नाही हेही त्यांना माहीत असतं.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हण. तालमुदाच्या बराखोथ या भागात जिभेला तेवढं म्हणायला शिकव असं सांगितलंय, आणि राशींनीही आपल्या भाष्यात "मला माहीत नाही" असं लिहून ठेवलंय.

आता तो मुलगा. वर्ग सुटल्यावर त्याला पेटी घेऊन तुझ्याबरोबर कपाटापर्यंत चालत यायला सांग. "शेमा"मध्येच आहे ना, वाटेनं चालताना मुलांशी बोल. समोरासमोर बसवू नकोस, चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. "तू घेतलेस का" असं विचारू नकोस. ते तुला माहीत आहे आणि त्यालाही. त्या पैशांची गरज कशासाठी पडली, ते विचार. बोलला नाही तर सोडून दे, पुढच्या रविवारी परत पेटी त्याच्याच हातात दे. बोलला, तर पैसे त्यानं स्वतःच्या हातानं परत टाकायचे, लागले तर दहा-दहा करून. ते पैसे गरिबाचे आहेत, त्यामुळे तू माफ करून चालणार नाही. मिश्नात म्हटलंय की माणसानं माणसाचं केलेलं, त्या माणसाचं समाधान झाल्याशिवाय योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीही, धुतलं जात नाही. आई-वडिलांना सांगावं लागलं तर आधी त्याला सांग, मग त्यांना. आणि वर्गासमोर त्याला माफी मागायला लावू नकोस. योम किप्पूर, ज्याला आपली जुनी माणसं दारफाळणीचा सण म्हणत, त्या दिवशीची कबुली आठव: "आशाम्नू", आम्ही अपराध केला. अख्खं सिनेगॉग एकत्र म्हणतं, छातीवर मूठ मारत. तिथे कुणाला एकट्याला उभं करत नाहीत. त्याला त्या वेळी तुझ्या शेजारी बसव.

एक राहिलं. माझ्या त्या आठांपैकी पाच आता इस्रायलमध्ये आहेत, दोघं गेली. तुझी आई इथे आहे. सिम्हाथ तोराचा सण झाल्यावरच्या रविवारी तुझा वर्ग आणि तुझी आई, सगळ्यांनी माझ्याबरोबर खंडाळ्याला यावं असं मनात आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच घेऊ. पोहे, नारळ, खजूर मी आणते. फळं तू आण. आईला आज सांग. मुलांना मात्र अजून सांगू नकोस. लाँचची तिकिटं माझ्या हातात आली की मी फोन करते, मग सांग.

तुझी,
बाई