मुलगी अमेरिकेत अकरावीला आहे, लॅक्रॉसचे (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा मैदानी खेळ) कॉलेज कोच संपर्कात आहेत. कॉलेजचा खर्च सुटेल का?

पूर्ण सुटेल असं धरून चालू नका. एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) हिच्या सर्वात वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन १ मध्ये, वर्षानुवर्षं एका महिला संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम देता यायची. कोच ती अनेक मुलींत वाटायचे. २०२५-२६ पासून नव्या करारात (खेळाडूंच्या खटल्यातली 'हाउस' तडजोड) आलेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, संघात ३८ खेळाडू चालतात. पण मर्यादा उठली म्हणजे तिजोरी भरली असं नाही.

एनसीएएच्याच डिव्हिजन ३ गटात आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. म्हणून ती नावं खोडू नका! तिथे कुटुंबाच्या गरजेनुसार मिळणारी मदत कधीकधी खेळाच्या अर्ध्यामुर्ध्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त भरते. प्रत्येक कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता अंदाजे खर्च सांगणारं साधन) आकडे आजच घालून बघा, पात्र असाल तर फॅफ्सा (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) भराच. आणि कोचला न लाजता विचारा: रक्कम किती, किती वर्षांसाठी, दुखापत झाली तर काय?