आवय आणि आई

माशेल,
श्रावणातला दुसरा सोमवार

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं बावीस पानांचं शब्दांकन मिळालं. दोनदा वाचलं. मग तू पाठवलेली, कथालेखक मास्तरांची जुनी रेडिओ-मुलाखत हेडफोन लावून ऐकली आणि तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. रात्री जागून, जीव ओतून केलेलं काम आहे हे पानापानावर दिसतं. म्हणूनच इतकं लांब पत्र लिहायला बसलो आहे.

अठराव्या मिनिटाला मास्तर आपल्या आईची आठवण सांगतात. तुझ्या कागदावर ती अशी आहे : 'आई म्हणायची, दिवेलागणीला कुणाला रित्या हाताने पाठवू नये.' फितीवर मात्र ते कोंकणीत म्हणतात, 'आवय म्हणटाली' (आई म्हणायची), आणि पुढचं वाक्य मराठीत पुरं करतात. तू ते सरळ केलंस. आता सव्विसाव्या मिनिटापाशी ये. तिथे ते आपल्या कथेतल्या बाईविषयी बोलताहेत आणि तिला प्रत्येक वेळी 'आई' म्हणतात. स्वतःची ती आवय, कथेतली ती आई. चाळीस मिनिटांत एकदाही अदलाबदल होत नाही. मी कागदावर खुणा करत मोजलं.

गोव्यात मराठी लिहिणाऱ्या कितीतरी लेखकांचं मर्म इथे आहे. चुलीपाशी कोंकणी, कागदावर मराठी. बाकीबाब बोरकरांनी तर दोन्ही भाषांत कविता केल्या, आणि आकाशवाणीत नोकरीही केली. या दोन भाषांवरून आपल्याकडे सभा झाल्या, मोर्चे निघाले, घराघरांत वाद झाले. पण लेखकाच्या आत त्या कशा नांदतात, कुठल्या आठवणीपाशी एक थांबते आणि दुसरी सुरू होते, ते तो बोलता बोलताच कळतं. छापलेल्या कथेत ते सापडायचं नाही, कारण तिथे मास्तरांनी स्वतःच हात फिरवलेला आहे. मुलाखतीत तो हात फिरायच्या आधीचा माणूस मिळतो. त्याच्यावर पुन्हा आपण हात फिरवायचा नाही. 'मागीर' असेल तर 'मागीर' राहू दे, 'कितें' असेल तर 'कितें'. कोल्हापूरच्या वाचकाला अडेल तिथे तळटीप दे. अर्धवट सोडलेली वाक्यंही अर्धवटच लिही. मास्तर वाक्य सोडतात तेव्हा पुढचा शब्द त्यांना माहीत नसतो असं नाही. बहुतेक वेळा तो माहीत असतो, आणि नको असतो.

दुसरं, तारीख. तुझ्या पहिल्या पानावर ती नाही, कारण फितीच्या खोक्यावरही नाही. तिथे फक्त नाव आणि 'भाग २'. पण एकतिसाव्या मिनिटाला मास्तर म्हणतात, 'आता भाषेचा निकाल लागलाच आहे.' कुठला निकाल? गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, या १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलानंतरचं हे बोलणं असेल तर त्याचा अर्थ एक. साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, त्यानंतरचं असेल तर दुसरा. आणि फेब्रुवारी १९८७मध्ये कोंकणीला गोव्याची राजभाषा करणारा कायदा झाला, त्यानंतरचं असेल तर तिसराच. त्या वाक्यात सुटका आहे, तक्रार आहे की नुसता थकवा, हे आवाजावरून मला ठरवता आलं नाही. साल कळलं तर ठरेल.

साल काढता येईल. त्या काळी वर्तमानपत्रांत रेडिओचे दिवसाचे कार्यक्रम छापून येत. पणजीत पाट्टोला कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, जुने अंक माग आणि धीराने बस. १८३२पासूनची संस्था आहे ती, तिथे घाईने काही मिळत नाही. मुलाखतीत मास्तर 'नुकताच आलेला' संग्रह म्हणतात, त्याचं प्रकाशनवर्ष आधी बघ म्हणजे शोधायची वर्षं कमी होतील. त्यांनी सांगितलेली सालंही तपासून घे. लेखक आपल्याच पुस्तकांची वर्षं चुकवतात, आणि कुठलं वर्ष चुकवतात यातूनही कधी काही कळतं.

तू प्रश्न काढून टाकलेस, ते मला पटलं नाही. सलग मनोगत वाचायला गोड लागतं, कबूल. पण निवेदकाने कथेच्या शेवटाबद्दल तीनदा विचारलंय आणि तिसऱ्यांदा मास्तरांचं उत्तर बदललंय. प्रश्न गेले की तो बदल म्हाताऱ्याचा गोंधळ वाटतो. शिकागोत स्टड्स टर्केल यांनी १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षं एकाच रेडिओ केंद्रावर माणसांना बोलतं केलं. पाहुण्याचं पुस्तक ते खुणा करकरून वाचून यायचे. त्यांच्या मुलाखती आज ऐकायला मिळतात. त्यातली एक घे आणि फक्त प्रश्न लिहून काढ, उत्तरं सोडून दे. पुस्तक वाचून आलेला माणूस कसं विचारतो, ते त्यात दिसेल.

आता तुझी शंका. उत्तर सुरू व्हायच्या आधी मागे कुणीतरी तेच शब्द हळू कुजबुजतं, स्टुडिओत तिसरा माणूस होता का, आणि ते सॉफ्टवेअरने काढून टाकू का, असं विचारलंयस. तिसरा कुणी नव्हता. चुंबकीय फीत स्पूलवर वेढ्यावर वेढा बसून वर्षानुवर्षं पडून राहते, तेव्हा एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. म्हणून शब्द यायच्या सेकंद-दोन सेकंद आधी त्याची सावली ऐकू येते. जाणती माणसं फीत उलटी गुंडाळून, शेवटचं टोक बाहेर ठेवून साठवतात; मग ती सावली शब्दाच्या मागे पडते आणि आवाजात झाकली जाते. तुझी फीत तशी ठेवलेली नव्हती, एवढंच. मूळ प्रतीला हात लावू नकोस. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर कर.

हे इतक्या कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. उमेदीच्या काळात मी एका वृद्ध कथालेखकाची मुलाखत घेतली होती. 'तुमच्या कथेतली एकही बाई घर सोडून का जात नाही?' असं विचारलं. ते गप्प झाले. अकरा सेकंद. मग म्हणाले, 'गेली असती तर तिला लिहायला माझ्याकडे भाषा नव्हती.' कार्यक्रम पंधरा मिनिटांत बसवायचा होता आणि रेडिओवर शांततेची आम्हाला भीती वाटायची. मी ब्लेडने ते अकरा सेकंद कापले आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती जवळजवळ सात फूट फीत होती. टेबलाखाली पडली, संध्याकाळी केरात गेली. प्रसारणात उत्तर प्रश्नाला लागून आलं आणि ऐकणाऱ्याला वाटलं, हे वाक्य त्यांनी घरून तयार करून आणलं होतं. त्यांच्या पत्नीने मला रस्त्यात थांबवून विचारलं, 'ते इतके पटकन बोलले?' मला उत्तर देता आलं नाही.

आणि जे उरलं आहे तेही किती थोडं. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ बीबीसीत हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करत होते, स्वतः माइकपुढे बसत होते. त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ज्याच्या आवाजाला जगभर वाचक आसुसलेले असते, त्याचं हे. मग माशेल-फोंड्याच्या शाळामास्तरांचे आवाज कोण राखणार? आपल्याकडे पाऊस असा की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे फितीचं काय होत असेल. जुन्या फितीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला तर समज की ती आतून कुजते आहे. ती आधी उतरवून घे, बाकीच्या मागाहून. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, दोन प्रती दोन घरांत. आणि घरच्यांची व केंद्राची लेखी परवानगी मिळेपर्यंत कुठेही टाकू नकोस.

रविवारी सकाळी ये, पोळे-भाजी खाऊन निघू. मास्तरांच्या धाकट्या बहिणीशी मी फोनवर बोललो आहे, त्या सावईवेऱ्याला असतात. त्यांच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, गेल्या चतुर्थीपासून कुणी उघडलेली नाही. तुझ्या खोक्यावर 'भाग २' लिहिलंय, म्हणजे भाग १ कुठेतरी आहे. येताना सुती हातमोजे आण.

तुझा,
भाई