दीड लाखात एकट्याने डॉक्युमेंटरी शूट करायची तर कोणता कॅमेरा घ्यावा?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तमाशा कलावंतांवर डॉक्युमेंटरी करायचीय, शूट एकटेच करणार, लेन्स-माइक सगळं धरून दीड लाख आहेत, आणि घोडं अडलंय तीन कॅमेऱ्यांपाशी: ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के, सोनी झेडव्ही-ई१० टू आणि सेकंडहँड पॅनासॉनिक जीएच५.

सोनी घ्या. मी स्वतः बरीच वर्षं जीएच५ वापरतोय, अजून विकलेला नाही, विकायचा विचारही नाही, आणि तरी तुम्हाला सोनीच सांगतोय, कारण तुमचा विषय रात्रीचा आहे आणि तुम्ही एकटे आहात. या दोन गोष्टी बदलल्या तर माझं उत्तरही बदलेल.

मी पण तमाशावरच काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाडव्याच्या आधी नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात, ते सगळं दिवसा चालतं, आणि दिवसाउजेडी या तिन्हीतला कुठलाही कॅमेरा चालतो, खरं तर बरा मोबाइल पण चालतो. खरी परीक्षा रात्री, खेळ सुरू झाल्यावर. गण, गवळण, बतावणी, मग वग, स्टेजवर चार रंगीत पार लाइट, प्रेक्षकांत पूर्ण अंधार, मागे जनरेटर घरघरतोय, आणि स्टेजमागे एका साठच्या बल्बखाली बायका मेकअप करतायत. मेकअपचा तो सीन तुम्हाला हवाच असणार, सगळ्यांना हवा असतो, आणि तिथे कॅमेऱ्याचा घाम निघतो.

जीएच५ २०१७ चा. त्या काळात टेन-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती धरणारा व्हिडिओ, कॅमेऱ्यातच रेकॉर्ड होणं या किमतीत मोठी गोष्ट होती, वर रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही, दोन कार्ड स्लॉट, आतमध्ये वेव्हफॉर्म (उजेड दाखवणारा आलेख) दिसतो, सेन्सर स्टॅबिलायझेशन इतकं भारी की हातात धरून सुद्धा शॉट ट्रायपॉडवर लावल्यासारखा येतो. पण आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १६०० च्या वर गेली की चित्रात नॉइज (दाणे) दिसायला लागतो आणि ऑटोफोकस कॉन्ट्रास्टवर चालतो, त्यामुळे अंधारात तो मागे-पुढे श्वास घेतल्यासारखा हलत राहतो. मी मॅन्युअल फोकसच करतो, पण मला ती सवय लागायला दोन सीझन गेले. सोनीचा ऑटोफोकस डोळा पकडून बसतो, बाई आरशातून वळून बोलायला लागली तरी सोडत नाही. एकटा माणूस फ्रेम बघणार, आवाज ऐकणार, प्रश्न विचारणार आणि वर फोकस पण ओढणार, कसं जमायचं?

सेन्सरचा फरक लोक फार ताणतात. सोनीचा एपीएस-सी सेन्सर क्षेत्रफळाने जीएच५ च्या मायक्रो फोर थर्ड्सच्या साधारण दीडपट, म्हणजे फरक आहे, पण एफ २.८ ची लेन्स काढून एफ १.४ लावली की चौपट उजेड आत येतो. त्यामुळे फुल फ्रेमच्या, म्हणजे आणखी मोठ्या सेन्सरच्या, नादी तर अजिबात लागू नका, ते पैसे लेन्सला ठेवा. सोनीला सिग्माची ३० एमएम एफ १.४ लावा, छोटी आहे, परवडते, आणि स्टेजमागच्या त्या बल्बखाली तीच कामाला येईल. वाइडसाठी सुरुवातीला किट लेन्स चालेल, दिवसाच लागते ती.

आता पॉकेट ४के. २०१८ ला आला तेव्हा आम्ही सगळे वेडे झालो होतो, कारण तेवढ्या पैशात ४के रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) शूट करता येईल हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं, आणि सोबत डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स फुकट. ड्युअल नेटिव्ह आयएसओ आहे, म्हणजे सेन्सरच्या मूळ पातळ्या दोन, ४०० आणि ३२००, म्हणजे अंधारात पण तो बरा. चित्र तर विचारूच नका, त्वचेचा रंग असा येतो की ग्रेडिंगला (रंग जुळवायला) बसल्यावर मजा येते. पण यात कंटिन्युअस ऑटोफोकस नाही, स्टॅबिलायझेशन नाही, मागची पाच इंची स्क्रीन झकास पण हलत नाही, आणि एलपी-ई६ बॅटरी तासाभराच्या आत मान टाकते. म्हणजे बाहेरची बॅटरी, केज (कॅमेऱ्याभोवतीची चौकट), एसएसडी, हँडल असं सगळं आलंच, आणि बघता बघता हातात चार किलोचं धूड होतं. एवढं धूड घेऊन तुम्ही राहुटीत शिरलात की पहिला प्रश्न "कुठल्या चॅनेलचे तुम्ही?" आणि त्यानंतर समोरचा माणूस चॅनेलला देतात तसंच उत्तर देतो, तमाशा ही आपली संस्कृती आहे, शासनाने लक्ष द्यावं वगैरे. बारका कॅमेरा असला की अर्ध्या तासात विसरतात. हा फायदा कुठल्याच स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात दिसणार नाही, पण माझ्या मते तमाशासारख्या विषयात तोच सगळ्यात मोठा.

शिवाय डेटा. ब्लॅकमॅजिक रॉ आठास एक कॉम्प्रेशनवर ठेवला तरी ४के ला तासाला दीडशे जीबीच्या आसपास जातो. वग रात्रभर चालला, पाच तास तुम्ही रेकॉर्ड केलं, तर एका रात्रीत पाऊण टीबी, आणि बॅकअप धरून दीड. सोनी किंवा जीएच५ वर टेन-बिटमध्ये तेच तासाला साठ-सत्तर जीबी. फिक्शन करणार असाल, शॉट ठरलेले, सोबत फोकस ओढणारा माणूस (फोकस पुलर) आणि एक असिस्टंट, तर मी डोळे झाकून पॉकेटच म्हटलं असतं. तुम्हाला एखादा ठरवून केलेला सीन हवा असेल, समजा एखादी लावणी फक्त कॅमेऱ्यासाठी, तर त्या एका दिवसापुरता भाड्याने आणा, पुण्या-मुंबईत सहज मिळतो.

आता माझी फजिती सांगतो, त्यातून तुमचे पैसे नाही पण रात्री वाचतील. पहिल्या वर्षी मी अमेरिकन यूट्यूबरचे व्हिडिओ बघून कॅमेऱ्याची सिस्टिम फ्रिक्वेन्सी ५९.९४ वर ठेवली होती, ३० फ्रेम, शटर १/६०. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर काही कळलं नाही. घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर तीन रात्रींच्या सगळ्या फुटेजमध्ये काळे पट्टे वरून खाली सरकतायत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, १/५० शटरमध्ये बरोबर दोन ठोके मावतात, १/६० मध्ये एक आणि वर थोडा उरतो तोच पट्टा. अमेरिकेत ६० हर्ट्झ आहे, त्यांचं त्यांना बरोबर. चूक शंभर टक्के माझी. त्यामुळे सोनी हातात आला की पहिलं काम म्हणजे मेनूत जाऊन पाल (५० हर्ट्झवाली पद्धत) निवडा, एनटीएससी (६० हर्ट्झवाली) असलं तर २५ फ्रेमचा ऑप्शनच दिसत नाही, मग २५ फ्रेम आणि १/५० लावा आणि तिथून हलू नका. २४ च हवं असा हट्ट असेल तरी शटर १/५० च ठेवा.

तरी जत्रेत पूर्ण सुटका नाही बरं का. जनरेटर जुना असला की फ्रिक्वेन्सी ५० वर थांबत नाही, थोडी वरखाली होते, आणि स्वस्तातले एलईडी पार लाइट मंद केले की त्यांची स्वतःचीच वेगळी फडफड असते. अशा वेळी शटर थोडं थोडं बदलून स्क्रीनवर नीट झूम करून बघायचं, जीएच५ मध्ये सिंक्रो स्कॅन म्हणून सोय आहे ती इथेच कामाला येते. जमलं तर खेळाआधी लाइटवाल्याला भेटून एवढंच सांगा की पुढचे दोन पांढरे लाइट मंद करू नको, फुल ठेव. चहा पाजा त्याला.

चहा साउंडवाल्याला पण पाजा, त्याला जास्त पाजा. कारण आवाजाचं प्रकरण चित्रापेक्षा कठीण आहे आणि तुमच्या दीड लाखात मला त्याचा उल्लेख फक्त "माइक" एवढाच दिसला. कॅमेऱ्यावर शॉटगन लावून स्टेजसमोर उभे राहिलात तर तुम्हाला कर्ण्याचा आवाज मिळणार, गाणारीचा नाही. आणि ढोलकीची थाप अशी येते की गाणं ऐकून लेव्हल लावली तर थापेला क्लिप होतं, म्हणजे आवाज फाटतो, थापेला लावली तर गाणं पुटपुटल्यासारखं. यासाठी ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर घ्या, झूमचा एच१ इसेन्शियल स्वस्तातला, त्यात लेव्हल चुकली तरी एडिटला खाली ओढून आवाज शाबूत मिळतो. फक्त खुद्द माइकच फाटला किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच फाटका सिग्नल आला तर ३२-बिट काय आणि ६४ काय. मिक्सरमधून लाइन घेतलीत तर रेकॉर्डरचा इनपुट लाइन लेव्हल झेलतो का हे घरीच तपासून जा, नाहीतर मध्ये सिग्नलचा जोर कमी करणारी अ‍ॅटेन्युएटरची केबल लागते. दुसरा साधा रेकॉर्डर किंवा जुना मोबाइल प्रेक्षकांत ठेवा, शिट्ट्या आणि वन्समोर तिथूनच मिळतील. कॅमेऱ्यातला ऑटो गेन मात्र बंद, शांततेत तो जनरेटरची घरघर वर उचलतो.

मुलाखतीला कॉलर माइक. हजारभर रुपयांचा वायरवाला बोया आहे तो सुद्धा चांगला चालतो, वायरलेस नंतर घ्या. पण नऊवारी आणि दागिने घातलेल्या बाईला माइक लावायचा म्हणजे कापड घासतं, माळ आपटते, आणि मुळात आपण पुरुषाने तो लावायचाच नाही, त्यांच्यातल्याच एखादीला कसा लावायचा ते दाखवा आणि आपण बाहेर थांबा. मेकअपच्या आधी, साध्या साडीत मुलाखत घेतली तर आवाजही स्वच्छ येतो आणि बोलणंही मोकळं होतं. आणि राहुटीतच घ्या. कापडी भिंती आवाज खातात, एको नाही. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा स्लॅबच्या कोऱ्या खोलीत बसायची वेळ आली तर कॅमेऱ्याच्या मागे दोन जाड गोधड्या टांगा, साउंडप्रूफ फोमचे पैसे वाचतात.

एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कापणारी काच, विसरू नका, हे नवीन माणूस हमखास विसरतो. भर दुपारी लॉगमध्ये (नंतर रंग जुळवायचं फिकट चित्र) ८०० आयएसओ, शटर १/५०, आणि लेन्स २.८ वर ठेवायची म्हटलं तर साधारण नऊ स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड कापावा लागतो. एकच व्हेरिएबल एनडी घ्यायचा तर बरा घ्या, स्वस्तातला पूर्ण फिरवला की चित्रात काळी फुली उमटते. पॉकेटला तर दाट एनडीबरोबर इन्फ्रारेडचा त्रास, काळे कपडे तपकिरी दिसतात, त्याला आयआर कापणारा वेगळा फिल्टर लागतो. हा पण एक छुपा खर्च.

सोनीचे दोष पण सांगून ठेवतो, नाहीतर नंतर शिव्या घालाल. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, इलेक्ट्रॉनिक आहे ते फ्रेम कापतं, त्यामुळे मोनोपॉड घ्याच, गर्दीत ट्रायपॉडपेक्षा तोच सोयीचा. व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही, मी लोकांना डोक्यावर उपरणं घेऊन बघायला सांगतो, हसू नका, चालतं. कार्ड स्लॉट एकच, म्हणजे रात्री झोपायच्या आधी कॉपी, कितीही दमला असाल तरी. एप्रिलच्या उन्हात तापू शकतो, मेनूत तापमानावर बंद होण्याची मर्यादा हाय करून ठेवा. आणि टेन-बिट ४:२:२ च्या फाइल जुन्या लॅपटॉपवर टाइमलाइनवर अडकत-अडकत चालतात, लॅपटॉप बदलू नका, प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या कॉपी) बनवा.

पैशाचा हिशोब माझ्या मते असा, बॉडी आणि किट लेन्सला बजेटच्या दोन तृतीयांशपेक्षा एक रुपया जास्त नाही. उरलेल्यात आधी रेकॉर्डर आणि कॉलर माइक, मग ती १.४ ची लेन्स, मग कार्ड, बॅटऱ्या, एनडी, मोनोपॉड. त्यात बसत नसेल तर लेन्स सेकंडहँड घ्या, बॉडी नवी घ्या. मुंबईत बोराबाजारात गेलात तर बिलाचा आणि वॉरंटीचा विषय आधी बोला, भाव नंतर. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून बुरशी बघा, आपल्या पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी फार लेन्सना धरते. आणि जीएच५ च बघायला गेलात आणि बंद असताना आतून खडखड आवाज आला तर घाबरू नका, तो स्टॅबिलायझेशनचा सुटा सेन्सर असतो, खराबी नाही. एचडीएमआयचं तोंड मात्र केबल लावून हलवून बघा.

घ्यायच्या आधी दोन दिवस सोनी भाड्याने आणून तुमच्या गावच्या जत्रेत एक रात्र काढा. पाडवा जवळ आला की भाड्याचे कॅमेरे लग्नवाल्यांकडे जातात, तेव्हा आधीच बोलून ठेवा, आणि फडमालकाची परवानगी शूटच्या दिवशी नाही, त्याच्या आधी एकदा कॅमेरा न घेता जाऊन मागा.