कमेंट उडवायची की उत्तर द्यायचं?

प्रश्न : ताई, आमचं तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, सरकारी वर्गवारीत ब वर्ग. मी कार्यवाह. गेल्या वर्षी फेसबुक पेज काढलं, त्यावर व्याख्यानमाला आणि जयंत्या-पुण्यतिथ्यांचे फोटो टाकतो. परवा दिवाळी अंकांच्या पोस्टखाली एका सभासदाने लिहिलं, "अंक आधी संचालकांच्या घरी फिरतात, आम्हाला शिमग्याला मिळतात." त्याला भराभर लाइक आले. अध्यक्ष म्हणतात कमेंट उडवा आणि यापुढे कमेंटच बंद ठेवा. काय करू?
– एक कार्यवाह, विदर्भ

उत्तर : उडवू नका. आणि आधी मला खरं सांगा, अंक संचालकांच्या घरी फिरतात का हो? फिरत असतील तर हा फेसबुकचा प्रश्नच नाही, तो कपाटाच्या किल्लीचा प्रश्न आहे, आणि तो पेज बंद करून सुटणार नाही.

तुमच्या देवघेव काउंटरवर दोरीने बांधलेली सूचनांची वही असेल, निदान पूर्वी तरी होती. त्यात लोक काय काय लिहायचे, पंखा फिरत नाही, अमुक कादंबरीची शेवटची पानं गायब आहेत, ग्रंथपाल जेवायला गेले की तासभर येत नाहीत. कार्यवाह खाली "पाहिले" लिहून सही ठोकायचे. काम व्हायचं की नाही तो भाग वेगळा, पण पान कोणी फाडत नव्हतं ना? ही कमेंट म्हणजे तीच वही, फक्त दोरी सुटलीये आणि ती गावभर फिरतेय.

मी स्वतः हा शहाणपणा करून बसलेय. एका सांस्कृतिक मंडळाचं पेज सांभाळायचे, कार्यक्रमाचे पास ओळखीतच वाटले अशी कमेंट आली, मी गडबडून डिलीट केली. जेवणं होईपर्यंत तिचा स्क्रीनशॉट माझ्याच नणंदेने मला फॉरवर्ड केला, खाली लिहिलेलं, "बघ गं, हे तुमचंच मंडळ ना?" जी कमेंट दहा जणांनी वाचून सोडून दिली असती ती अख्ख्या गावाने वाचली. आणि पास खरंच ओळखीत गेले होते, म्हणजे लाज दुप्पट.

तर लिहा काय? "आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत" हे अजिबात नको, त्याने माणूस आणखी भडकतो. साधं लिहा : "तक्रार बरोबर आहे. अंक किती आले, सध्या बाहेर किती आहेत याची यादी काउंटरवर लावलीये, फोटो खाली जोडलाय. मुदत उलटलेले सगळे या शनिवारपर्यंत मागवलेत, संचालकांकडचेसुद्धा. – कार्यवाह." मग शनिवारनंतर त्याच कमेंटखाली परत जाऊन सांगा किती आले आणि किती नाही आले. हे दुसरं उत्तर बहुतेक संस्था देतच नाहीत, आणि लोक वाट त्याचीच बघत असतात.

सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते, २०१४ ते २०१७, तेव्हा प्रवासी धावत्या गाडीतून ट्वीट करायचे, कुणाच्या बाळाला दूध हवं, कुणाच्या डब्यात पाणी नाही. लोकांना वाटायचं मंत्रीच मोबाईल घेऊन बसलेत. खरं काम वेगळंच होतं, दिल्लीत बसलेली माणसं ते ट्वीट वाचून ज्याच्या हद्दीत गाडी आहे त्या विभागाच्या डीआरएमकडे, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे, पाठवायची, आणि तिथनं पुढचं स्टेशन हलायचं. म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या मागे काम करणारा हात होता. तुमच्याकडे काय, पेज अध्यक्षांच्या पुतण्याच्या मोबाईलवर आणि कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे! (माझा अंदाज, चुकला असेल तर माफ करा.) ग्रंथपालांना ॲडमिन करा, आणि साध्या तक्रारीला त्यांनी त्याच दिवशी उत्तर द्यायचं असं कार्यकारी मंडळात ठरवून टाका, नाहीतर प्रत्येक कमेंट महिन्याच्या सभेपर्यंत लोंबकळत राहील.

उडवायचं काय ते पेजवर आधीच लिहून ठेवा : शिवीगाळ, जातीधर्मावरून काही, कुणाचा फोन नंबर. संचालकांवरची टीका त्या यादीत येत नाही. आणि उत्साहात पुस्तकं थकवलेल्या सभासदांची नावं टाकू नका, कोण काय वाचतं ते त्याचं त्याला.

एक जमलं तर बघा. अनुदानाचा हप्ता आला आणि खरेदी ठरली की यादी करायच्या आधी पेजवर विचारा, कुठली पुस्तकं घेऊ? आणि घेतलेल्यांचा गठ्ठा सोडतानाचा फोटो टाका. जयंतीच्या हारापेक्षा त्याखाली जास्त माणसं बोलतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगवरून भांडणं, सकाळी फुलं, रात्री राजकारण. वैतागून मी 'फक्त ॲडमिन' केलं तर हुकूमशाही म्हणतात. शिवाय कोणी काही भलतंच टाकलं तर केस माझ्यावर येईल अशी भीती.
– सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर : भीती थोडी कमी करते. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचा हात असल्याचं दिसायला हवं.

ग्रुप दोन करा. एक सूचनांचा, फक्त ॲडमिनचा, पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद. दुसरा मोकळा, तिथे भांडू दे. पण मग सूचनांच्या ग्रुपवर सभेचं इतिवृत्त आणि हिशोबाची पीडीएफही पडली पाहिजे, सहकार कायद्याप्रमाणे सभासदाला ते बघायचा हक्क तसाही आहे. हुकूमशाही म्हणतात ते बोलता येत नाही म्हणून कमी, कळत नाही म्हणून जास्त. आणि कृपा करून रंगकामाचा ठराव ग्रुपवर अंगठे मोजून पास करू नका. वार्षिक सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते, अंगठ्यांना कोणी विचारत नाही.

प्रश्न : गणेश मंडळाच्या इन्स्टावर आगमनाचे रील्स जोरात चालतात. वर्गणीचा हिशोबपण टाकावा का? पोरं म्हणतात कोण बघणार.
– खजिनदार, सातारा

उत्तर : टाका, ज्याने वर्गणी दिलीये तो बघतो. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते आणि हिशोब ठेवावाच लागतो, तोच कागद वर चढवायचा. डीजेचा आकडा बघून कोणी बोललंच तर बोलू दे. फक्त पावतीपुस्तकाचा फोटो टाकताना लोकांचे मोबाईल नंबर झाका.