पाण्यात न उतरता, नुसत्या वाळूवरून पोवळ्यांची तब्येत कळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात बी.एस्सी. करताय, मालवणला स्नॉर्केलिंग करताना पोवळी पाहिलीत, मूठभर वाळूतल्या सूक्ष्म जीवांवरून त्यांची तब्येत कळते असं कुणी सांगितलं. हे खरं का, आणि प्रोजेक्टला घेता येईल का?

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो, तेव्हा वाळूच्या बाजूने सांगतो. गोष्ट खरी, पण अर्धी. वाळूवरून कळतं ते एवढंच, की तिथलं पाणी पोवळी वाढण्याजोगं आहे का. पोवळी आज जिवंत आहेत का, हे बघायला पाण्यात उतरावंच लागतं.

हे जीव म्हणजे फोरॅमिनिफेरा, थोडक्यात फोराम. एकपेशीय, बरेचसे चुन्याचं कवच बांधणारे, बहुतेक मिलिमीटरहून लहान. त्यांतल्या काहींचा संसार पोवळ्यांसारखाच: पेशीत शैवाल पाळायचं आणि त्याने उन्हावर बनवलेल्या अन्नावर जगायचं. ॲम्फिस्टेजिना या वंशाच्या पोटात डायटम (एकपेशीय शैवाल) असतात. अशांना उजेड पोचणारं, नितळ, पोषकद्रव्यं कमी असलेलं पाणी लागतं. सांडपाणी किंवा शेतातलं खत वाहून येऊ लागलं की पाण्यात खाद्य वाढतं, शैवाल पाळण्याचा फायदा उरत नाही आणि बारके, नुसतं खाऊन जगणारे फोराम माजतात. पाणी आणखी बिघडलं, तळाशी ऑक्सिजन कमी पडू लागला, की अमोनिया (हा एक वंश आहे, वायू नव्हे) आणि एल्फिडियमसारखे चिवट तेवढे तग धरतात.

पामेला हॅलॉक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यातून ‘फोराम इंडेक्स’ काढला. शैवाल पाळणाऱ्यांच्या प्रमाणाला १० ने गुणायचं, चिवटांच्या १ ने, उरलेल्या बारक्यांच्या २ ने, आणि बेरीज करायची. समजा २०० कवचांत शैवालवाले १००, चिवट २०, बाकीचे ८०. म्हणजे ५ अधिक ०.१ अधिक ०.८, एकूण ५.९. चारच्या वर पाणी भित्तीला (पोवळ्यांनी बांधलेल्या खडकाला) पोषक. दोन ते चार म्हणजे काठावर: आहे ती भित्ती टिकेल, पण एकदा मेली तर सावरणं कठीण. दोनच्या खाली आशा नाही.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. समुद्र तापला की स्वच्छ पाण्यातलीही पोवळी पांढरी पडून मरतात, आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं घेतात. फोरामांचं आयुष्य त्यामानाने फारच छोटं, ते लवकर सावरतात. त्यामुळे पोवळी मेलेली पण इंडेक्स चांगला, तर दोष पाण्याचा नसावा. भित्ती सावरायला वाव आहे. इंडेक्सच पडलेला असेल तर तिथे पोवळ्यांचे तुकडे लावणं म्हणजे पैसा अक्षरशः पाण्यात. आधी गटार थांबवा.

आता प्रोजेक्ट. तंत्र सोपं आहे: वाळू धुवायची, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर राहिलेली वाळवायची, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशने कवचं उचलायची. तांदूळ निवडण्याइतकंच कंटाळवाणं काम, फक्त मान जास्त दुखते. दीडशे-दोनशे कवचं पुरतात. भूशास्त्र विभागात हे सगळं साहित्य सहसा असतंच.

पण मालवणच्या वाळूवर हा इंडेक्स लावून मोठे निष्कर्ष काढू नका. तो मुळात कॅरिबियन आणि पश्चिम अटलांटिकच्या भित्तींसाठी बनवला. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्या गाळ ओततात, पाणी नैसर्गिकरीत्याच गढूळ असतं. कारवारला काळी नदीच्या मुखाशी अमोनिया भरपूर सापडला म्हणून प्रदूषण सिद्ध होत नाही. त्याला खाडी आवडतेच. त्यापेक्षा खाडीपासून उघड्या किनाऱ्यापर्यंत जाती कशा बदलतात, हा विषय घ्या. पदवीच्या प्रोजेक्टला तो भरपूर झाला.

आणि हो, प्रवासखर्च वाचवायला बागलकोट जिल्ह्यातल्या लोकापूरकडची चुनखडी कवचांसाठी फोडू नका. ती कलादगी नावाच्या फार जुन्या खडकगटातली, फोरामांच्या जन्माआधीची.

मालवणच्या सागरी अभयारण्यातून चिमूटभर वाळूही वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलायची नाही. पोवळ्याचा तर तुटका तुकडाही नको, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित यादीत, ती आहेत. नमुन्याच्या पिशवीवर तारीख, खोली आणि भरती-ओहोटीची वेळ जागेवरच लिहा.